राज्यशास्त्रात बीए करताय? आधी कामांचा क्रम सरळ करा

मे-जूनमध्ये ठाणे-नवी मुंबईतल्या कॉलेजांच्या खिडक्यांवर दरवर्षी तोच गोंधळ असतो. मुलं कॉलेज आधी ठरवतात, विषय खिडकीवर उभं राहून ठरवतात, अभ्यासक्रम दिवाळीनंतर उघडतात आणि पुढे काय करायचं याचा विचार शेवटचा पेपर टाकल्यावर सुरू करतात. अख्खा क्रमच उलटा. राज्यशास्त्रात नापास होणारे फार नसतात, पण तीन वर्षं घालवून हाती काहीच न लागलेले भरपूर भेटतात. त्यातल्या बहुतेकांचं नुकसान क्रम चुकल्यानेच झालेलं असतं.

विषयाचं महत्त्व, लोकशाहीची गरज वगैरे इथे सांगत बसत नाही. कोणतं काम कधी करायचं आणि लोक कुठे घसरतात, तेवढंच सांगतो. ताईदादांचे सल्ले मात्र जपून घ्या. 'टीवायला सिक्स युनिट घे' किंवा 'थ्री युनिट बरं पडतं' ही भाषा जुन्या रचनेतली आहे. मुंबई विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून नव्या शैक्षणिक धोरणाची रचना आली. आता मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडविषय), ओपन इलेक्टिव्ह (शाखेबाहेरचा ऐच्छिक विषय) आणि क्रेडिट (अभ्यासाच्या वजनाचं माप) यांच्या हिशोबात बोलायचं.

## टप्पा १: निकाल लागण्याआधी अभ्यासक्रम वाचा

बारावीचा शेवटचा पेपर आणि निकाल यांच्यामध्ये बरेच मोकळे आठवडे मिळतात. त्यातला एक दिवस या कामाला द्या. विद्यापीठाच्या किंवा कॉलेजच्या संकेतस्थळावरून राज्यशास्त्र मेजरचा अभ्यासक्रम पीडीएफमध्ये उतरवा. सुरुवातीची उद्दिष्टांची पानं सोडून द्या. घटकांची नावं, संदर्भग्रंथांची यादी आणि प्रश्नपत्रिकेचा आराखडा एवढं बघितलं तरी पुरे.

तीन वर्षांत साधारण पाच-सहा गोष्टी शिकायच्या असतात: राजकीय सिद्धांत, भारतीय संविधान आणि राजकीय व्यवस्था, लोकप्रशासन, आंतरराष्ट्रीय संबंध, पाश्चात्त्य व भारतीय विचारवंत आणि महाराष्ट्राचं राजकारण. चॅनेलवरच्या चर्चा आवडतात म्हणून हा विषय घेणाऱ्यांची पहिली निराशा सिद्धांताच्या पेपरला होते. तिथे हॉब्ज आणि लॉक यांच्यासारखे विचारवंत भेटतात, कोणत्याही पक्षाचा प्रवक्ता भेटत नाही.

स्वतःला तपासायची एक सोपी चाचणी आहे. डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत केलेलं समारोपाचं भाषण मिळवा आणि एका बैठकीत वाचून काढा. ते लोकसभेच्या संकेतस्थळावर संविधान सभेच्या वादविवादांमध्ये आहे, मराठी अनुवादही सहज मिळतात. राजकीय समता मिळाली तरी सामाजिक आणि आर्थिक विषमता तशीच राहिली तर काय होईल, हा मुद्दा त्यात येतो. वाचून झाल्यावर डोक्यात दोन-तीन प्रश्न उभे राहिले तर हा विषय तुमचा आहे. पाचव्या पानावर मोबाईल हातात घेतलात तर थोडा विचार करा.

तपासा: अभ्यासक्रम वाचून झाल्यावर पहिल्या वर्षीच्या मेजर पेपरांची नावं न बघता सांगता येतात का? येत नसतील तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नका.

## टप्पा २: कॉलेजला विचारायचे प्रश्न

ठाण्यातली मुलं बहुतेक करून जोशी-बेडेकर, ज्ञानसाधना यांच्याकडे बघतात. नवी मुंबईतली वाशीच्या मॉडर्नकडे आणि पनवेलच्या बाजूची सीकेटी किंवा महात्मा फुले कॉलेजकडे. थोडे चांगले टक्के पडले की दादर-माटुंग्याची स्वप्नं सुरू होतात. स्वप्नांना हरकत नाही. फक्त कॉलेजचं नाव ऐकून फॉर्म भरण्याआधी कार्यालयात किंवा विभागात जाऊन हे विचारा:

1. राज्यशास्त्र तिसऱ्या वर्षापर्यंत मेजर म्हणून घेता येतं का, की फक्त मायनर आहे?
2. मेजर मिळण्यासाठी किमान किती विद्यार्थी लागतात? संख्या भरली नाही तर काय करतात?
3. चौथं वर्ष, म्हणजे ऑनर्स, इथे आहे का?
4. शिकवण्याचं माध्यम कोणतं? उत्तरं मराठीत लिहिता येतात का?
5. विभागात पूर्णवेळ शिक्षक किती आहेत?
6. कॉलेज स्वायत्त आहे का?

दुसरा प्रश्न कोणीच विचारत नाही, आणि फटका तिथेच बसतो. पहिल्या वर्षाला विषय असतो, दुसऱ्या वर्षी पुरेशी मुलं उरत नाहीत, मग 'इतिहास घ्या नाहीतर समाजशास्त्र घ्या' असं सांगितलं जातं. त्या वेळी कॉलेज बदलणं जिकिरीचं होतं.

सहाव्याचं कारण वेगळं आहे. स्वायत्त कॉलेज स्वतःचा अभ्यासक्रम ठरवतं, पेपर काढतं आणि तपासतंही. पदवी मुंबई विद्यापीठाचीच मिळते. पण मग झेरॉक्सच्या दुकानात मिळणारे विद्यापीठाच्या जुन्या प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे तुमच्या उपयोगाचे नसतात. ग्रंथालयातून कॉलेजच्याच प्रश्नपत्रिका मागून घ्या.

प्रवासाचाही हिशोब करा. ट्रान्स हार्बरने ऐरोली, घणसोली, कोपरखैरणेहून ठाण्याला येणं सोपं आहे. पण ठाण्याहून पुढे दादरला जायचं असेल तर सकाळची गर्दी रोज सोसायची तयारी हवी. सातच्या लेक्चरला दर आठवड्याला दोनदा उशीर झाला तर त्या नामांकित कॉलेजचा उपयोग काय?

सावधान: 'प्रवेश घ्या, विषय नंतर बदलून देऊ' हे तोंडी आश्वासन समजा. विषयांच्या गटाची छापील यादी हातात घेतल्याशिवाय फी भरू नका.

## टप्पा ३: कागदपत्रं, आणि तहसील नक्की कोणतं

निकालानंतर सेतू केंद्रांत पाय ठेवायला जागा नसते. म्हणून जी कागदपत्रं निकालावर अवलंबून नाहीत, ती एप्रिलमध्येच काढून ठेवा: आधार, अधिवास दाखला, उत्पन्नाचा दाखला, लागू असेल तर जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर किंवा आर्थिक दुर्बल घटकाचं प्रमाणपत्र. बारावीची गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला निकालानंतर मिळेल. मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र लागेल.

नवी मुंबईकरांची हमखास होणारी चूक इथलीच. वाशी, नेरूळ, बेलापूर, ऐरोली हा भाग ठाणे जिल्ह्यात, ठाणे तालुक्यात येतो. खारघर, कामोठे, कळंबोली रायगड जिल्ह्यात, पनवेल तालुक्यात. पत्त्यावर सगळेच 'नवी मुंबई' लिहितात, म्हणून खारघरचा मुलगा ठाण्याच्या तहसीलला चक्कर मारतो आणि हात हलवत परत येतो. ऑनलाइन अर्ज करतानाही जिल्हा-तालुका नीट निवडा.

दुसरी गोष्ट नावाची. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, एकीकडे वडिलांचं पूर्ण नाव, दुसरीकडे नुसतं आद्याक्षर, असं असेल तर क्रेडिट बँकेचा एबीसी आयडी जोडताना अडतं. तो आयडी डिजिलॉकरवरून काढतात आणि तुमची क्रेडिट त्याच खात्यात जमा होतात. आधारमधली दुरुस्ती आधीच करून घ्या.

तपासा: नाव, जन्मतारीख आणि मोबाइल नंबर सगळीकडे एकच आहे ना? प्रमाणपत्रांवरची मुदत प्रवेशाच्या तारखेपर्यंत टिकते ना? आर्थिक दुर्बल घटकाचं प्रमाणपत्र वर्षापुरतंच असतं, मोठ्या भावाचं बघून तारखा गृहीत धरू नका.

## टप्पा ४: नोंदणी वेगळी, प्रवेश अर्ज वेगळा

मुंबई विद्यापीठाच्या पदवी प्रवेशासाठी आधी विद्यापीठाच्या पोर्टलवर प्रवेशपूर्व नोंदणी करायची असते. त्यानंतर ज्या ज्या कॉलेजात प्रवेश हवा, तिथे त्या कॉलेजच्या पद्धतीने स्वतंत्र अर्ज. विद्यापीठाची नोंदणी झाली की प्रवेश होईल, असं समजून घरी बसणारी मुलं दरवर्षी निघतात. कॉलेजचा अर्ज भरला पण विद्यापीठाची नोंदणीच राहिली, असेही काही असतात.

क्रम असा ठेवा: विद्यापीठाची नोंदणी, तिची प्रिंट, मग कॉलेजांचे अर्ज, मग गुणवत्ता याद्यांवर लक्ष. पहिल्या यादीत नाव लागलं तर मुदतीत फी भरून प्रवेश पक्का करा. 'दुसऱ्या यादीत त्याहून चांगलं मिळेल' म्हणून हातातली जागा सोडणं हा निव्वळ जुगार आहे. बीएच्या जागा शेवटपर्यंत रिकाम्या राहतात असंही अनेकांना वाटतं. कला शाखेत काही कॉलेजांत ते खरं असेलही, पण तुम्हाला हवा तो विषयगट रिकामा राहील याची खात्री कोण देणार?

शिष्यवृत्तीचा अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर स्वतंत्र करावा लागतो. प्रवेश झाला की लगेच करा.

## टप्पा ५: मायनर आणि बाकीचे विषय निवडणं

मैत्रीण काय घेते आणि कुठला विषय 'स्कोअरिंग' आहे, या दोनच गोष्टींवर मायनर ठरतो. माझं स्पष्ट मत असं की तिसऱ्या वर्षानंतर काय करायचंय ते आधी लिहा, मग मायनर निवडा.

वकिलीकडे किंवा पत्रकारितेकडे जायचं असेल तर इतिहास किंवा इंग्रजी उपयोगी पडतं. धोरण, प्रशासन, स्पर्धा परीक्षा डोक्यात असतील तर अर्थशास्त्र घ्या, आकड्यांची भीती वाटत असली तरी. महापालिकेचा अर्थसंकल्प वाचता न येणारा राज्यशास्त्राचा पदवीधर अर्धवटच राहतो. सर्वेक्षण, संशोधन आवडत असेल तर समाजशास्त्र.

ओपन इलेक्टिव्ह तुमच्या शाखेबाहेरचा घ्यायचा असतो. आकडेवारी किंवा संगणकाशी संबंधित काही मिळत असेल तर सोडू नका. 'सोपा आहे' म्हणून घेतलेला विषय दोन महिन्यांत कंटाळवाणा होतो आणि हजेरी तिथूनच गळायला लागते.

## टप्पा ६: पहिले दोन महिने, आणि वाचनाचा क्रम

गाइड पहिल्या दिवशी विकत घेऊ नका. गाइड वाईट असतं असं नाही, पण ते आधी वाचलं की मूळ मजकूर वाचायची गरजच वाटेनाशी होते. क्रम असा: मूळ मजकूर, मग वर्गातल्या नोट्स, मग पाठ्यपुस्तक, आणि परीक्षेआधी उजळणीला हवं तर गाइड.

संविधानाची मराठी प्रत सरकारी संकेतस्थळांवर फुकट आहे. पहिल्या पानापासून पाठ करायला जाऊ नका. उद्देशिका, मग मूलभूत हक्क म्हणजे कलम १२ ते ३५, मग राज्याच्या धोरणाची निदेशक तत्त्वं म्हणजे ३६ ते ५१, आणि मग थेट भाग नऊ-क, जिथे नगरपालिका आहेत. तुम्ही शहरात राहता, तिथून सुरुवात केली तर बाकीचं पटकन कळतं. विचारवंत आणि संकल्पना यांसाठी मराठी विश्वकोशाच्या ऑनलाइन नोंदी बऱ्याच भरवशाच्या आहेत. ठाण्यात राहणाऱ्यांना १८९३ साली सुरू झालेलं मराठी ग्रंथसंग्रहालय हाताशी आहे. तिथला सभासद होणं ही या तीन वर्षांतली सर्वात स्वस्त गुंतवणूक ठरेल.

पहिल्या महिन्यातच एक सराव करा. वहीच्या एका पानावर लिहा: माझ्या घरावर कोणाकोणाची सत्ता चालते? खारघरच्या एका फ्लॅटचं उत्तर बघा. महापालिका पनवेलची, २०१६ साली झालेली. वसाहत वसवली सिडकोने, जी १९७० साली राज्य सरकारने काढलेली कंपनी आहे. तिथे कोणी निवडून जात नाही. जिल्हा रायगड, पोलीस आयुक्तालय नवी मुंबईचं, विधानसभा पनवेल आणि लोकसभा थेट मावळ. म्हणजे खारघरचा मतदार पिंपरी-चिंचवडकरांसोबत एकच खासदार निवडतो. कळवा-मुंब्र्याचंही असंच आहे. महापालिका ठाण्याची, पण लोकसभा मतदारसंघ कल्याण. ऐरोली आणि बेलापूर महापालिकेने नवी मुंबईचे, लोकसभेला मात्र ठाण्याचे.

हे पान नीट भरता आलं तर संघराज्य, स्थानिक स्वराज्य, मतदारसंघ पुनर्रचना आणि वैधानिक संस्था हे चार घटक निम्मे समजले. भरताना हमखास होणाऱ्या चुका:

- महापालिकेची निवडणूक भारत निवडणूक आयोग घेतो असं लिहिणं. ती राज्य निवडणूक आयोग घेतो. लोकसभा आणि विधानसभा भारत निवडणूक आयोगाकडे.
- महापौर शहराचा कारभार चालवतो असं समजणं. आपल्याकडे महापालिकेचे कार्यकारी अधिकार आयुक्ताकडे असतात आणि आयुक्त राज्य सरकार नेमतं.
- पोलीस महापालिकेच्या हाताखाली आहेत असं धरून चालणं. ते राज्याच्या गृह खात्याकडे असतात.
- 'राज्य' हा शब्द कुठे राज्यसंस्था म्हणून आणि कुठे महाराष्ट्र या अर्थाने वापरलाय, याचा घोळ घालणं. सिद्धांताच्या पेपरात यावरूनच गुण जातात.

तपासा: तुमचं स्वतःचं नाव मतदार यादीत आहे का? अठरा पूर्ण व्हायच्या आधी, सतराव्या वर्षानंतर आगाऊ अर्जही करता येतो. राज्यशास्त्राचा विद्यार्थी आणि यादीत नाव नाही, हे जरा विचित्रच.

## टप्पा ७: उत्तर लिहायला शिकणं

बहुतेक गुण इथेच सांडतात, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. प्रश्न घ्या: 'पक्षांतरबंदी कायद्याचे मूल्यमापन करा.'

नेहमीचं उत्तर असं सुरू होतं: १९६७ साली हरियाणातले एक आमदार, गयालाल, पुन्हा पुन्हा पक्ष बदलतात, तिथून 'आयाराम गयाराम'. ही गोष्ट दीड पान चालते. मग कायद्याच्या तरतुदी, मग 'अशा प्रकारे हा कायदा महत्त्वाचा आहे'. मूल्यमापन कुठेच नाही. परीक्षक पास करतो, बस.

चांगलं उत्तर पहिल्या दोन-तीन ओळींत स्वतःचं म्हणणं सांगतं. उदाहरणार्थ: एकट्या-दुकट्या आमदाराचं पक्षांतर या कायद्याने महाग केलं, पण मोठा गट एकदम बाहेर पडतो तेव्हा कायदा अपुरा पडतो. आता पुढची प्रत्येक गोष्ट या म्हणण्याला धरून यायला हवी:

1. तरतूद: १९८५ ची बावन्नावी घटनादुरुस्ती, दहावी अनुसूची. सदस्यत्व जातं ते दोन मुख्य कारणांनी. एक, स्वेच्छेने पक्ष सोडला तर. दोन, व्हिपविरुद्ध, म्हणजे पक्षादेशाविरुद्ध मतदान केलं किंवा गैरहजर राहिला तर.
2. बदल: सुरुवातीला एकतृतीयांश सदस्यांची फूट मान्य होती. २००३ च्या एक्क्याण्णवाव्या दुरुस्तीने ती पळवाट काढून टाकली. दोनतृतीयांशांच्या विलीनीकरणाचा अपवाद राहिला.
3. निर्णय कोणाचा: सभागृहाच्या अध्यक्षाचा. तो स्वतः कोणत्यातरी पक्षाचा असतो, हा कळीचा आक्षेप. १९९२ च्या किहोटो होलोहान खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय न्यायालयीन तपासणीच्या कक्षेत आणला.
4. अलीकडचं उदाहरण: शिवसेनेतल्या फुटीनंतरचा महाराष्ट्रातला सत्तासंघर्ष. ११ मे २०२३ च्या निकालात घटनापीठाने म्हटलं की व्हिप, म्हणजे प्रतोद, नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, विधिमंडळ पक्षाचा नाही. अपात्रतेचा निर्णय मात्र अध्यक्षांकडेच सोपवला आणि वाजवी मुदतीत घ्यायला सांगितला. तो निर्णय जानेवारी २०२४ मध्ये आला.
5. शेवट: सुचवलेली एखादी सुधारणा आणि तिच्यावरचा आक्षेप. दोन्ही हवेत.

आता ठाणेकरांसाठी खास सूचना. चौथ्या मुद्द्यावर आलात की पेन सुटतं. घरी, नाक्यावर, गणपतीच्या मांडवात या विषयावर इतकं बोलून झालेलं असतं की उत्तरपत्रिकेतही तेच उतरतं: कोण गद्दार, कोण खरा वारसदार. परीक्षकाला तुमची बाजू कळून काय उपयोग? त्याला न्यायालयाने नेमकं काय ठरवलं आणि काय ठरवलं नाही, हे हवंय. मत मांडा, जरूर मांडा, पण ते तरतुदीतून आणि निकालातून निघालेलं दिसू द्या.

प्रश्नातलं क्रियापद अधोरेखित करायची सवय लावा. 'स्पष्ट करा' म्हटलं तर उलगडून सांगा, 'तुलना करा' म्हटलं तर एकेका निकषावर दोन्ही बाजू शेजारी ठेवा, आणि 'मूल्यमापन करा' म्हटलं तर निवाडा द्या. तुलना विचारली असताना आधी हॉब्जवर दोन पानं, मग लॉकवर दोन पानं लिहिणारे विद्यार्थी तुलना परीक्षकावर सोडून मोकळे होतात. मानवी स्वभाव, निसर्गावस्था, करार कोणी कोणाशी केला, बंडाचा हक्क आहे की नाही, असे निकष पाडा आणि प्रत्येकात दोघांना आणा.

आठवड्याला एक उत्तर, घड्याळ लावून, हाताने लिहा आणि शिक्षकांना दाखवा. पहिली चार-पाच उत्तरं लाल होऊन परत येतील, येऊ द्या.

सावधान: घटनादुरुस्तीचा क्रमांक आणि साल यांच्यात गोंधळ असेल तर चुकीचं लिहिण्यापेक्षा नुसती तरतूद लिहा. त्र्याहत्तरावी पंचायतींची, चौऱ्याहत्तरावी नगरपालिकांची. एवढं तरी उलटं होऊ देऊ नका.

## टप्पा ८: हजेरी, अंतर्गत गुण आणि प्रकल्प

हजेरी ७५ टक्के. सत्र संपायच्या आठवड्यात डॉक्टरांचं सर्टिफिकेट शोधत फिरणं हा उपाय नाही. अंतर्गत परीक्षेत आणि लेखी परीक्षेत वेगवेगळं पास व्हावं लागतं, त्यामुळे 'लेखीत भरून काढू' हा हिशोब चालत नाही.

प्रकल्पाची मुख्य चूक म्हणजे विषय आभाळाएवढा घेणं. 'भारतीय लोकशाहीपुढील आव्हाने' हा प्रकल्प होऊ शकत नाही. तुमच्या दाराशी त्याहून चांगलं साहित्य पडलंय. नवी मुंबई महापालिकेच्या नगरसेवकांची मुदत मे २०२० मध्ये संपली, ठाण्याची मार्च २०२२ मध्ये. निवडणूक झाली जानेवारी २०२६ मध्ये. मधल्या काळात प्रशासक होते. संविधानाचं कलम २४३-यू सांगतं की मुदत संपण्याआधी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. मग तुमच्या प्रभागातली कामं त्या काळात कोणाच्या सहीने झाली? नागरिक तक्रार घेऊन कोणाकडे गेले? माजी नगरसेवकाकडेच ना? हा प्रश्न तीसेक पानांत मावतो. दुसरा विषय हवा असेल तर सिडकोचे प्रकल्पग्रस्त, १९८४ चं जासईचं आंदोलन आणि साडेबारा टक्के जमिनीची योजना घ्या. ते अनुभवलेली माणसं उरण-पनवेलच्या गावांत अजून बोलायला तयार असतात.

कामाचा क्रम:

1. एक प्रश्न, एका वाक्यात. 'आणि' शब्द आला तर दोन प्रश्न झाले, एक काढून टाका.
2. लागणाऱ्या नोंदींची यादी: सभेची इतिवृत्तं, अर्थसंकल्प, मतदान केंद्रनिहाय निकाल. विधानसभा-लोकसभेचे केंद्रनिहाय निकाल फॉर्म २० मध्ये असतात आणि राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर मिळतात.
3. जे मिळत नाही त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज. हा सत्राच्या पहिल्याच पंधरवड्यात टाका. उत्तराला ३० दिवस लागू शकतात, आणि आलं नाही तर पहिलं अपील. सबमिशनच्या महिन्यात अर्ज टाकून काही होत नाही.
4. मुलाखती. आधी कागद वाचा, मग माणसं भेटा. उलट केलंत तर समोरचा सांगेल ते लिहून घ्याल.
5. लेखन, आणि प्रत्येक आकड्याशेजारी तो कुठून आला याची नोंद.

माहिती अधिकाराचा अर्ज महाराष्ट्रात दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर हवा, सोबत दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. 'असं का केलं?' हा प्रश्न विचारू नका, त्यावर उत्तर द्यायला ते बांधील नाहीत. नोंद मागा. 'एप्रिल २०२२ ते मार्च २०२३ या काळात अमुक प्रभाग समितीत मंजूर झालेल्या कामांची यादी, रक्कम आणि मंजुरीची तारीख' असं मागितलं तर कागद मिळतो.

सावधान: मित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गुगल फॉर्म फिरवून आलेल्या पन्नास उत्तरांना 'ठाणेकरांचं मत' म्हणू नका. ते तुमच्या मित्रांचं मत आहे. तसं लिहिलंत तर कोणी आक्षेप घेणार नाही.

## टप्पा ९: तिसऱ्या वर्षाच्या दिवाळीआधी ठरवायच्या गोष्टी

नव्या रचनेत तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं किंवा चौथं वर्ष करून ऑनर्स घेता येतं. तीन वर्षांनंतर एमए दोन वर्षांचं, चार वर्षांनंतर एक वर्षाचं. संशोधनासह ऑनर्स हवं असेल तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात, म्हणजे ही तयारी पहिल्या वर्षापासूनची. तुमच्या कॉलेजात चौथं वर्ष नसेल तर दुसरीकडे जावं लागेल. दुसऱ्या टप्प्यातला तिसरा प्रश्न आठवत असेल तर तेव्हाच उत्तर मिळालेलं असेल.

एमएसाठी मुंबई विद्यापीठाचा कलिन्याचा नागरिकशास्त्र व राज्यशास्त्र विभाग जवळचा. दिल्ली किंवा इतर केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी-पीजी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि तिचे अर्ज परीक्षेच्या बरेच आधी, हिवाळ्यात निघतात. तीन वर्षांच्या एलएलबीसाठी राज्याची सीईटी, तिचा अर्ज शेवटच्या वर्षात असतानाच भरता येतो. निकालाची वाट बघितली तर वर्ष गेलं.

स्पर्धा परीक्षांबद्दल थोडक्यात. यूपीएससीला राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध हा वैकल्पिक विषय आहे, दोन पेपर, मिळून ५०० गुण. एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षाही २०२५ पासून वर्णनात्मक झाली, त्यामुळे सातव्या टप्प्यातली उत्तरलेखनाची सवय तिथे थेट कामाला येते. पण पहिल्या वर्षापासूनच क्लास लावून कॉलेजला दांडी मारू नका. वैकल्पिक विषयाचा पाया ज्या वर्गात फुकट घातला जातो, तोच बुडवून बाहेर लाखभर रुपये मोजणारे मी बरेच पाहिलेत.

शिफारसपत्र हवं असेल तर शिक्षकांना दिवाळीच्या सुट्टीआधी सांगा, सोबत तुमचा प्रकल्प आणि गुणपत्रिकांच्या प्रती द्या. फेब्रुवारीत विचारलंत तर परीक्षेच्या धावपळीत तेच चार ओळींचं पत्र मिळेल, जे वर्गातल्या सगळ्यांना मिळतं.